घळीतला आजचा स्वयंपाक

रविवारी मटण झालं की ताटं उचलताना अजून माझा हात कचऱ्याच्या डब्यावर थांबतो. हाडं वेगळी काढायची, गरम पाण्यातून काढायची, स्टीलच्या डब्यात भरायची आणि समोरच्या दारी नेऊन द्यायची, ही माझी कितीतरी वर्षांची सवय. आता समोर एक तरुण जोडपं राहतं. दोघंही आयटीतली, दार सदा बंद. त्यांच्या हातात नेऊन आमची खाल्लेली हाडं ठेवली तर पोलीसच बोलावतील. म्हणून मी ती खाली जाऊन गल्लीतल्या कुत्र्यांना घालते. समोरच्या इंदूताईंना इथून जाऊन आता वर्ष होईल, पण हाताची सवय काही जात नाही.

आमची बिल्डिंग तळवड्यात. मी डबे करते. आयटी पार्कातली पोरं, मागच्या शेडमधले वेल्डर नि टर्नर, सगळे माझ्या हातचं खातात. यजमान चाकणला कंपनीत, त्यांची शिफ्ट सांभाळायची, सासऱ्यांची पथ्यं सांभाळायची, लेकीची शाळा सांभाळायची. आम्ही मूळचे बार्शीकडचे. त्यामुळे तोंड जरा फटकळ, ते मी नाकारत नाही.

ताई आल्या त्या दिवशी त्यांच्या टेम्पोतून एक पलंग, दोन कपाटं आणि बाकी सगळी पोतीच पोती उतरली. मला वाटलं, गावाकडची शेती असेल. दारात उभी राहून मी विचारलं, "ज्वारी आहे का गहू?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "माणसं आहेत," म्हणाल्या. "निदान मला तसं वाटतं."

मी दार लावून घेतलं. दुसरं काय करणार?

पण शेजार तो शेजार. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले, तेव्हा सगळं कळलं. ताई पुण्यात एका संस्थेत हाडांच्या अभ्यासक होत्या, जमिनीतून निघालेली जुनी हाडं ओळखायची हे त्यांचं काम. तरुणपणी त्यांनी कोकणात एका खाडीच्या तोंडाशी एक गुहा खणली होती. गुहा म्हणजे काय, वाकून शिरावं लागेल एवढं तोंड आणि आत आमचा हॉल नि किचन मावेल एवढी जागा. गावातले तिला म्हातारीची घळ म्हणायचे. आत हाडंच हाडं, हजारो वर्षांपूर्वीची. हरणाची, कासवाची, माशांची. खणणाऱ्यांचे प्रमुख ताईंचे सर होते. त्यांनी एकच हंगाम खणून निकाल दिला, की इथे तरस राहत होतं, त्यानं शिकारी ओढून आणल्या, माणूस इथे कधी राहिलेला नाही. झालं. काम बंद, खणलेली माती पोत्यात भरून गोदामात. ताई सरांबद्दल कधी वावगं बोलल्या नाहीत. "सर मोठेच होते," म्हणायच्या, "फक्त घाईत होते. पोती न उघडता निकाल दिला." निवृत्त झाल्यावर त्यांनी रीतसर परवानगी काढून ती पोती घरी आणली आणि एकेक उघडायला घेतली. त्या घळीत माणसं राहिली होती हे दाखवणारी एक तरी खूण त्यांना हवी होती. बस, एवढंच. याच्यापलीकडे बाईंना काही नको होतं, साडी नको, सण नको, टीव्ही तर नकोच.

मागच्या शेडमधल्या वेल्डरकडून त्यांनी जाड, मध्यम, बारीक अशा चाळण्या करून घेतल्या होत्या. सकाळी गच्चीवर बसून माती चाळायची, उरलेलं धुवायचं, ताटांत वाळवायचं आणि मग भिंगाखाली धरून ओळखायचं. दुपारी माझे डबे गेले की जिन्यात आमची गाठ पडायची. ताई विचारायच्या, आज डब्यात काय होतं. मी सांगायची, गवार आणि आमटी. मग मी विचारायची, घळीत काय होतं. आणि ताई अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, "आज शिंपले होते. आणि एक लहानसा मासा, बहुतेक पोरांसाठी." कधी कासव, कधी नुसत्या खेकड्याच्या नांग्या. पावसाळ्यात एका पोत्यातून काहीच निघेना, तेव्हा म्हणाल्या, "मंडळींचा उपास दिसतो." त्यांना त्या लोकांची एवढी काळजी, की मलाही हळूहळू वाटायला लागलं, एखादा डबा तिकडे पाठवावा.

गंमत म्हणजे बाई स्वतः पक्क्या शाकाहारी. अंड्याचा केकसुद्धा वर्ज्य. आणि घरात हाडं उकळायला वेगळा कुकर, त्याच्या कानाला लाल दोरा बांधलेला, चुकून वरण त्यात लावलं जाऊ नये म्हणून. जुनं हाड ओळखायचं तर शेजारी ओळखीचं ताजं हाड ठेवावं लागतं, तसा संग्रह त्यांना करायचा होता. म्हणून बिल्डिंगभर निरोप, हाडं टाकू नका, मला द्या. पहिल्यांदा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग सवय झाली. कोणाकडे कोंबडी, कोणाकडे पापलेट, सगळ्यांचे डबे ताईंच्या दारी. तेवढं कमी म्हणून की काय, त्या हाडं आधी कुत्र्यांना घालायच्या आणि थोड्या वेळानं परत काढून घ्यायच्या. दाताच्या खुणा आणि हत्याराच्या खुणा यांतला फरक त्यांना पक्का करायचा होता. साठी उलटलेली बाई काठी घेऊन गल्लीतल्या काळ्या कुत्र्याच्या मागे धावते आहे, "अरे दे, माझं काम झालं की परत देते," म्हणून त्याला समजावते आहे, हे दृश्य आमच्या गल्लीनं कितीदा बघितलं. आणि खरंच, काम झालं की परत द्यायच्या.

एका श्रावणात मात्र तक्रार झाली. मीटिंग बसली. आमचे चेअरमन अण्णा, जुन्या गावातला माणूस, बोलायला संकोचले. "ताई, राग मानू नका," म्हणाले, "पन श्रावन हाय. घरात हाडं न्हाई ठेवायची, असं समद्यांचं म्हननं हाय."

ताई उठून उभ्या राहिल्या. "अण्णा, माझ्या घरात हाडं आहेत हे खरं. पण तुम्ही मीटिंगला येताना दोनशे सहा घेऊन आलात, तेही श्रावणात. मी काही बोलले का?"

अण्णांनी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं आणि पहिले तेच हसले. ठराव बारगळला. फक्त कुकर दुपारी बाराच्या आत लावायचा, एवढं ठरलं.

सईचा पहिला दात पडला, तेव्हाची गोष्ट. सई माझी लेक, तेव्हा दुसरीत होती. दात पडला की कौलावर टाकायचा आणि उंदराकडे नवा मागायचा, हे तिला आजोबांनी शिकवून ठेवलेलं. पण आमच्याकडे कौल कुठलं? स्लॅब. पोरगी दात मुठीत धरून रडत बसली, मला नवा दात येणारच नाही म्हणून. माझी डब्यांची गडबड, मी खेकसले. ताई समोरून आल्या. तिच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे दे. माझ्याकडे उंदराचा आहे, मगरीचा आहे, पण मुलीचा नाही." सईनं विचार केला आणि दिला. ताईंनी तो काड्यापेटीत कापसावर ठेवला, वर तिचं नाव आणि गाव लिहिलं, आणि तिला उलटा करून दाखवला. खालून पोकळ होता. पडलेल्या दाताला मूळ राहत नाही, नवा दात खालून ते खात खात वर येतो, असं काहीतरी त्यांनी सांगितलं. मग मला दटावलं, "आज तिला भाकरी देऊ नको. मऊ काहीतरी कर." मी मऊ भात केला.

आता कोपऱ्यावरच्या बशीरचाचांचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. चाचांचं मटणाचं दुकान, आमच्या आधीपासूनचं. ताई त्यांच्याकडे गेल्या आणि पिशवीतून गारगोटीच्या धारदार कपच्या काढून म्हणाल्या, एक मांडी या दगडांनी सोडवून द्या. जुन्या माणसांकडे लोखंड नव्हतं, तेव्हा दगडाची खूण हाडावर कशी उमटते ते बघायचंय. चाचांचा चेहरा पडला. "ताई, आमच्या तीन पिढ्या सुऱ्यावर गेल्या, आता दगडावर आनता व्हय?" पण माणूस हौशी. गिऱ्हाईक थांबवून ठेवून त्यांनी ती मांडी दगडानं सोडवली, आणि शेवटी शेवटी तर त्यांनाच मजा वाटायला लागली. मटण वाया कशाला घालवायचं, म्हणून ते मी घेतलं आणि रविवारच्या डब्यांना रस्सा केला. हाडं नेहमीप्रमाणे धुऊन ताईंकडे परत. त्यांनी ती उकळली, गच्चीत एका बाजूला वाळत घातली. दुसऱ्या बाजूला घळीतल्या हाडांची ताटं होतीच.

काही महिन्यांनी एका सकाळी ताई माझ्या स्वयंपाकघरात आल्या. पोळ्या चालू होत्या. त्यांच्या हातात बोटाएवढा हाडाचा तुकडा होता, पांढरास्वच्छ, आणि त्यावर चार-पाच बारीक तिरप्या रेघा. घळीच्या ताटात निघाला होता. "दगडाच्या आहेत," त्या म्हणाल्या. "दात नाही. सुरी नाही. दगड." मी गॅस बंद केला आणि त्यांच्या तोंडात साखर घातली. खरं सांगते, मला भरून आलं. पुण्याला फोन गेला, संस्थेतली माणसं दोन दिवसांनी येतो म्हणाली. मी पोह्यांची तयारी केली. बिल्डिंगभर बातमी, ताईंची माणसं सापडली.

लोक येणार त्याच्या आदल्या दुपारी ताई पुन्हा आल्या. हातात तेच हाड. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "रेखा, मामंजींची चुन्याची डबी देतेस?"

सासऱ्यांची तंबाखू-चुन्याची डबी मी आणून दिली. ताईंनी ओला कापूस विणायच्या सुईला गुंडाळला आणि हाडाच्या पोकळीत खोलवर फिरवला. बाहेर आला तो किंचित पिवळट. मी म्हटलं, मातीचा असेल, कोकणात माती पिवळीही असते. त्यांनी बोटानं चुना घेतला आणि कापसाला लावला. कापूस लाल झाला.

हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे कुठल्या बाईला सांगायला लागतं? वरची हळद उन्हानं उडाली होती, आत होती ती राहिली होती. चाचांनी दगडानं सोडवलेली मांडी, माझा रविवारचा रस्सा. कुठल्या तरी कावळ्यानं एका ताटातून उचलून दुसऱ्यात टाकला असणार.

"ताई, धुऊन टाका ना आतून," मी म्हटलं. "कोणाला कळणार आहे?"

"मग त्या घळीत तू राहत होतीस असं होईल गं, रेखा," त्या म्हणाल्या. "तुझा मसाल्याचा डबा घेऊन." आणि हसल्या. हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला त्या रश्श्याचा राग आला, माझ्याच हाताचा राग आला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, तर बाईंनी त्यांना बसूसुद्धा न देता दारातच सगळं सांगितलं. पोहे खाल्ले त्यांनी, वाईट काही बोलले नाहीत, असं होतं कधी कधी म्हणाले. पण जाताना त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी हळूच सांगितलं, की घरात असं काम ठेवणं आता बरं नाही, दिवाळीनंतर पोती परत न्यावी लागतील. सगळ्यांना अर्थ कळला. आता या घरातून काहीही निघालं, तरी ते कोणाच्या ताटातलं असेल हा प्रश्न येणारच.

त्या दिवसापासून घळीतला स्वयंपाक बंद झाला. जिन्यात भेटल्या की ताई विचारायच्या, आज काय डब्यात. मी सांगायची. मी विचारलं की नुसती मान हलवायच्या. एकदा म्हणाल्या, "तरस स्वयंपाक करत नाही गं." मी त्यानंतर विचारायचं सोडून दिलं.

त्यात डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, पण मागचा पडदा खराब झाला, भिंगाखालचं दिसेना. नाशिकची भाची म्हणाली, आता माझ्याकडे चल. ताई हो म्हणाल्या. पण शेवटची दोन पोती राहिली होती. त्यांत सगळी ढेकळंच होती, छतातून ठिबकणाऱ्या चुन्याच्या पाण्यानं दगडासारखी घट्ट झालेली. फोडायला कठीण म्हणून ती मागे राहिली होती. ताईंनी ती जिन्यात ओढून आणली आणि म्हणाल्या, आता हीच बरी. हजारो वर्षं बंद आहेत, यांच्या आत कोणाचा रस्सा शिरलेला नाही.

मग आम्ही बायकाच बसलो. डबे गेले की दुपारी जिन्यात सतरंजी टाकायची, प्रत्येकीच्या पुढ्यात सूप किंवा परात, हातात दाभण, जवळ पाण्याचं भांडं. डाळ निवडताना बसतो तशाच बसायचो. अण्णांची बायको, तिसऱ्या मजल्यावरची परभणीची सून, बशीरचाचांची शमाभाभीसुद्धा यायची. ढेकूळ हळूहळू टोकरायचं, काही दिसलं की ताईंच्या तळहातावर ठेवायचं. त्या बोटानं चाचपून सांगायच्या, मासा, उंदीर, शंख, काही नाही. गप्पा मात्र भरपूर. कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या कंपनीनं ओव्हरटाइम बंद केला.

शेवटचं ढेकूळ शेवटी ताईंनीच घेतलं असं म्हटलं तर गोष्ट छान होईल, पण तसं नव्हतं. मधलंच कुठलं तरी होतं. ताई दाभणानं टोकरत होत्या आणि एकदम थांबल्या. बोटाचं टोक त्यांनी ढेकळावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं.

"दात आहे," म्हणाल्या. "माणसाचा. लहान मुलाचा."

आम्ही सगळ्या पुढे सरकलो. चुन्याच्या पांढऱ्या थरातून तांदळाच्या दाण्याएवढं काही चमकत होतं, बाकीचं आतच. मी म्हटलं, काढा ना. ताईंनी दाभण खाली ठेवलं. आता पुढचं पुण्याच्या लोकांच्या समोरच, म्हणाल्या. आणि मग आम्हाला समजावलं. दाताला मूळ असेल तर ते पोर मेलेलं, तरसानंही ओढून आणलेलं असू शकतं, म्हणजे सरच बरोबर. पण मूळ नसेल तर दात आपोआप पडलेला. मेलेल्या पोराचा दात असा पडत नाही. तो खेळताना पडतो, जेवताना पडतो, घरात पडतो.

दोन दिवस ते ढेकूळ ताईंच्या देवघरात होतं, वर परात झाकून. ताई जेवल्या नाहीत नीट. मी जेवढं पाठवायची, तेवढं परत यायचं.

पाहुणे आले. या वेळी त्यांच्यातल्या एका तरुण मुलीनं ढेकूळ हातात घेतलं, आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, आणि जिन्यातच सतरंजीवर बसून सुईनं माती सोडवायला लागली. आम्ही सगळ्या पायऱ्यांवर. बशीरचाचा दुकान टाकून आलेले. माझ्या तोंडून एकदा निघून गेलं, "चुना आणू का?" आणि शमाभाभीनं मला कोपरानं ढोसलं.

मुलीनं दात सोडवला. तिनं स्वतः बघितला नाही, आधी ताईंच्या तळहातावर ठेवला. ताईंनी काड्यापेटीतला सईचा दात मागितला. एक एका हातात, एक दुसऱ्या. अंगठा खालून फिरवला, इकडे, मग तिकडे.

"पोकळ आहे," ताई म्हणाल्या. "पडलाय. पोर जिवंत होतं गं."

त्या मुलीनं भिंग लावलं, बराच वेळ बघितलं, आणि मोठ्या साहेबांना म्हणाली, "सर, हे लिहावंच लागेल." साहेबांनी मान डोलावली. अण्णांच्या बायकोनं डोळे पुसले, चाचा म्हणाले, अल्लाची मेहेरबानी.

दिवाळीनंतर टेम्पो आला. पोती गेली, संग्रह गेला, आमच्या बिल्डिंगभरच्या रविवारांची हाडं नंबर लावून खोक्यांतून पुण्याला गेली. ताई त्याच टेम्पोतून पुण्यापर्यंत जाणार होत्या, तिथून भाची न्यायला येणार होती. काड्यापेटी मात्र त्यांनी मागे खोक्यांत ठेवू दिली नाही. तीत आता दोन दात होते. सई तोवर नववीत गेलेली. तिला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, तुझा परत देऊ, का पुण्याला नेऊ? पुराव्याला लागेल, पण तुझा आहे, तू म्हणशील तसं.

"न्या की," सई म्हणाली. "दुसरा एकटा पडेल ना."

ड्रायव्हरच्या शेजारी ताईंना बसवलं. मांडीवर काड्यापेटी, तीवर दोन्ही हात. त्यांना मी नीट दिसतही नसेन, पण आवाजाच्या दिशेनं तोंड वळवून बसल्या. मी जुनंच बोलले. म्हटलं, "ताई, आज डब्यात मेथी आणि ज्वारीची भाकरी." गाडी सुरू झाली होती. ताईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

"घळीत आज काहीतरी मऊ गं," म्हणाल्या. "पोराचा दात पडलाय."